तुमच्या मावसबहिणी

मॅडम,

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमचा भाऊ मांडवाच्या तोंडाशी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विचारत होता, "तुमी ताईचे कोण?" पहिली बाई म्हणाली, मावसबहीण. दुसरी म्हणाली, मावसबहीण. मग औंढ्याकडचे दोन तरुण आले, ते मावसभाऊ. त्यांच्या मागून एक टेम्पोवाला आला, तोही मावसभाऊच. दहा-बारा जण झाल्यावर तुमचा भाऊ माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टर, आमच्या मायला बहीण एकच व्हती, अन् तिला लेकरूच झालं न्हाई. मंग हे एवढे मावसभाऊ आले कुठून?"

मी काय सांगणार? ते सगळे आपल्या दवाखान्यातले होते. नवऱ्याला एचआयव्ही असलेल्या बायका होत्या, महिना महिना गाडीवर असणारे ड्रायव्हर होते, आणि ते दोन तरुण, ज्यांचे संबंध पुरुषांशी आहेत आणि जे घरी मेले तरी सांगू शकत नाहीत. यांच्यापैकी कुणालाही एचआयव्ही झालेला नाही. तो होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेणारी ही माणसं. गोळी मी लिहून देते, तीन महिन्यांनी रक्त मी तपासते, किडनीवर लक्ष मी ठेवते. आणि घरी विचारलं तर काय सांगायचं, हे तुम्ही शिकवलं होतं. "हिंगोलीला मावसबहिणीकडं जाऊन येते म्हणावं. मावसबहीण कोणालाबी असती." त्या दिवशी मांडवात सगळ्यांनी तुमचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. एकमेकांकडे न बघता, वेगवेगळ्या रांगांत बसून रडले.

मग तुमच्या भावाने मलाही विचारलं, "तुमी ताईच्यासंग किती वर्षं व्हता?" मी म्हणाले, "सात वर्षं सोबत काम केलं." त्या मांडवात खरं बोलणारी मी एकटी होते, आणि परकीही मीच. पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्ती घेऊन उभ्या उभ्या मला तुमचा हेवा वाटत होता. गेलेल्या माणसाचा हेवा! आहे की नाही कमाल?

तो काही त्या दिवशीचा नव्हता. सात वर्षांचा जुना, मुरलेला हेवा होता. सगळे तुम्हांला ताई म्हणायचे, म्हणून मी तुम्हांला शेवटपर्यंत मॅडम म्हटलं. तुम्ही समुपदेशक, मी डॉक्टर. माझ्या खोलीला दार आणि दारावर पाटी, तुमच्या खोलीला नुसता पडदा. तरी लोक माझ्याकडून चिठ्ठी घेऊन निघाले की सरळ पडद्याआड जायचे आणि मला ऐकू येईल अशा आवाजात विचारायचे, "ताई, डॉक्टरनी हे लिहून दिलं. घेऊ का?" आणि तुम्ही म्हणायच्या, "घ्या की." एवढ्या दोन शब्दांवर ती माणसं गोळी घ्यायची. माझ्या चिठ्ठीला तुमच्या "घ्या की"चा शिक्का लागायचा. मला हे किती झोंबायचं, ते तुम्हांला कळत होतं का? मला वाटतं कळत होतं. तुम्हांला सगळंच कळायचं, तोच तर त्रास होता.

तुमच्या टेबलावर हंगामाप्रमाणे बोरं, ओला हरभरा, हुरडा, एकदा तर ओल्या हळदीचे गड्डेच्या गड्डे. माझ्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र. तुम्ही न चुकता अर्धा वाटा माझ्याकडे पाठवायच्या, आणि मी "मला नको, सिस्टरना द्या" म्हणून परत फिरवायचे. हुरडा मला जिवापाड आवडतो, मॅडम. सात हिवाळे मी तो नाकारला.

आणि ते कुंपण! पहिल्या वर्षी मी एका जोडप्याला वीस मिनिटं समजावलं. विषाणू, पेशी, रक्तातलं औषधाचं प्रमाण, सगळं चित्र काढून. दोघं मान डोलवत होती आणि काही कळलेलं नव्हतं. तुम्ही पडदा बाजूला करून आलात आणि म्हणालात, "हे बघा, कुंपण कवा घालतात? जनावर घुसायच्या आधी का घुसल्यावर?" झालं. नवरा म्हणाला, "आधीच घालावं लागतंय ना." गोळी सुरू. पुढे मी ते वाक्य चोरलं. एका म्हाताऱ्या मावशींना मोठ्या ऐटीत म्हणाले, कुंपण कधी घालतात सांगा बरं? मावशी हसल्या, "हे तर ताईचं हाय."

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धंच राहिलंय, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही.

गोळ्या मोजण्यावरून आपलं वाजायचं. माझी पद्धत साधी होती. एका वेळी नव्वद गोळ्या द्यायच्या आणि पुढची तारीख बरोबर बारा आठवड्यांनी, त्याच वारी. म्हणजे चौऱ्याऐंशी दिवसांत चौऱ्याऐंशी गोळ्या पोटात जाणार आणि सहा उरणार. आल्यावर डबी टेबलावर रिकामी करायची, मी मोजणार. सहा उरल्या की शाबास. जास्त उरल्या की मी बोलायचे, आणि मी बोलते कशी ते तुम्हांला माहीत आहे. वर्षभरात माझ्या सगळ्या लोकांच्या सहाच्या सहा उरायला लागल्या. मी केवढी फुशारले होते! तुम्ही मात्र म्हणालात, "डॉक्टर, मोजू नका. मोजलं की लोक मोजून आणतात." मी म्हणाले, "तुम्हांला माझी शिस्त बघवत नाही का?" तुम्ही टेबलावरच्या डबीला झाकण लावलंत आणि निघालात. मला वाटलं, चला, एकदाचा यांनाही माझा हेवा वाटला. त्या दिवशी घरी जाताना मी बाजारातून पेढे नेले.

मग आपली बांगडीवाली. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. कळमनुरीच्या आठवडी बाजारात बांगड्या विकते, नवरा ट्रकवर. त्याला एचआयव्ही आहे आणि स्वतःचं औषध तो घरी असला तर घेतो, रस्त्यावर असला तर विसरतो. त्यामुळे तिच्या गोळीला फार महत्त्व. ती शेवटची आली तेव्हा दोन दिवस उशिरा आली होती. डबी रिकामी केली. सहा. तपासणी केली, निगेटिव्ह. मी पुढच्या नव्वद लिहिल्या. ती गेल्यावर तुम्ही माझ्या दारात येऊन उभ्या राहिलात.

"डॉक्टर, हिला तीन महिन्यांनी नका बोलवू. महिन्यानं बोलवा. परत एकदा रक्त बघा."

"का? आत्ताच तर केलंय. निगेटिव्ह आहे."

"आजचं हाय ते. नवं असलं तर आज दिसत न्हाई."

"तिच्या गोळ्या बरोबर आहेत, मॅडम. सहा."

"सगळ्यांच्याच सहा बराबर असतात, डॉक्टर. दोन दिवस उशिरा आली तर चार नको का उरायला?"

हे मला सुचायला हवं होतं. दुसरीतल्या पोराला सुचेल असं होतं. पण ते तुम्हांला सुचलं, म्हणून मी ते ऐकलं नाही. मी म्हणाले, "तपासणी कधी करायची हे इथे कोण ठरवतं?" तुम्ही म्हणालात, "तुमीच." आणि पडद्याआड गेलात. दोन आठवड्यांनी तुम्ही जगातूनच गेलात. आपल्यातलं कामाचं शेवटचं बोलणं हे असं.

मांडवाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमचा कप्पा रिकामा करायला घेतला. तुमचा चष्मा, सुपारीची डबी, आणि तळाशी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. उघडला तर आत कागदाच्या पुड्या, आणि पुड्यांत गोळ्या. आपल्याच गोळ्या. ढीगभर.

तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण तुमच्याशी खोटं बोलून आता काही मिळायचं नाही. मला आनंद झाला. सापडलात एकदाच्या! सगळ्यांच्या ताई, आणि गोळ्या लपवतात. त्या खुर्चीत बसून मी मिनिटभर तरी खूश होते.

मग पुड्या नीट पाहिल्या. प्रत्येकीवर तुमच्या हाताने काढलेलं लहानसं चित्र होतं आणि खाली आकडा. सायकल, अकरा. वांगं, चार. टेम्पो, एकोणीस. आणि बांगडी, एकतीस. खाली तारीख, ती शेवटची आली होती तीच.

मला सगळं कळायला वेळ लागला नाही. लोक माझ्या खोलीत येण्याआधी तुमच्या पडद्याआड बसून डबीत सहा ठेवत होते आणि उरलेल्या तुमच्या हातात देत होते. मोजू नका म्हणणाऱ्या तुम्ही रोज मोजत होतात. खरं काय ते तुमच्यापाशी, आणि माझ्यापाशी सहा. तुम्ही मला सांगायला हवं होतं! आजही म्हणते, तुमचं चुकलं. तीसच्या वर गोळ्या चुकलेल्या बाईला मी निर्धास्तपणे तीन महिन्यांनंतरची तारीख देते आणि तुम्ही "महिन्यानं बोलवा" एवढंच म्हणता? लोकांनी शपथ घातली असेल, डॉक्टरला सांगू नका म्हणून. असेल. पण टेबलावर हात आपटून तरी सांगायचं होतं. आणि मग स्वतःलाच विचारते, आपटला असता तर मी ऐकलं असतं का?

तिला फोन करायची सोय नव्हती, ती घरी असली की तिचा फोन सासूच उचलते. म्हणून मी कळमनुरीचा बाजार गाठला. पालाखाली ती बसली होती, समोर हिरव्या-लाल बांगड्यांच्या माळा. बायकांच्या गर्दीत तिच्याशी बोलायचं तर एकच वाट होती. मी समोर बसले आणि हात पुढे केला. तिने मला ओळखलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि माझा पंजा दाबून माप घ्यायला लागली. मोठ्याने म्हणाली, "लई कडक हात हाय बाई तुमचा. आमच्या ताईचा हात कसा लोण्यावानी व्हता." इथेही तुम्ही! मी दात चावून म्हणाले, "हिरव्या भरा."

ती बोटं दाबून एकेक बांगडी चढवत होती आणि मी मान खाली घालून बोलत होते. म्हणाले, पुडी सापडली. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालायला लागला.

"मालक कधी आले होते?"

"तवाच. म्या आले ना तुमच्याकडं, त्याच्या आठ दिस आधी."

"मध्ये ताप वगैरे आला होता का?"

"आला व्हता की. पंधरा दिस झाले. दोन दिस अंगावर काढला. काहून?"

मॅडम, मी मनातल्या मनात दिवस मोजले. एचआयव्ही नवा शिरतो तेव्हा असाच ताप येतो, फ्लूसारखा, दोन-चार दिवसांत जाणारा. तो साधाही असू शकतो, सगळीकडे साथ होतीच. पण तुम्ही सांगितलेला महिना उलटून गेला होता आणि वर आठवडा झाला होता. मी म्हणाले, "उद्या ये." ती म्हणाली, "येते." हातात डझनभर बांगड्या भरून मी उठले. एसटीत बसल्यावर त्या वाजायला लागल्या तेव्हा मला रडू आलं. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते नाही सांगता येत.

दुसऱ्या दिवशी ती अकराच्या सुमाराला आली. सवयीने आधी तुमचा पडदा बाजूला केला, रिकामी खुर्ची पाहिली आणि मग माझ्या दाराशी आली. डबी काढून टेबलावर रिकामी करायला लागली. मी तिचा हात धरला आणि डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "मोजायचं नाही. किती चुकल्या ते तूच सांग."

तिने डबी पदरात घेतली. मग म्हणाली, "या बारीला आठ. मालक गाडीवर असला की वाटतं, कोणासाठी घ्यायची? तो आला की घेते. अन् पयल्यांदा मळमळ व्हायची ना, तवा सासू म्हणली, दिस गेले का तुला? तवापासून तिच्यासमोर घेऊ वाटत न्हाई."

"मला काहून नाही सांगितलं?" माझ्या तोंडून तुमचं काहून निघालं.

"तुमी मोजता ना, बाई. मोजणाऱ्याला काय सांगावं?"

मी रागावले नाही. तुम्ही असतात तर खुर्चीवरून पडला असतात. तिला सांगितलं की बायकांच्या शरीरात ही गोळी रोज घेतली तरच पुरेशी साठते, नवरा दारात आल्यावर घाईघाईने घेऊन भागत नाही. तिने नुसती मान डोलवली. शेवटी म्हणाले, "जनावर दारात दिसल्यावर कुंपण घालायला वेळ मिळतो का?" ती हसली. हे तर ताईचं हाय, असं म्हणाली नाही. बहुतेक मुद्दामच म्हणाली नाही.

रक्त घेतलं, थेंब पट्टीवर टाकला. वीस मिनिटं थांबायचं असतं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. हजार वेळा केलेली तपासणी, पण त्या दिवशी पट्टीकडे बघवेना. ही वीस मिनिटं माझी कधीच नव्हती. ती तुमची असायची, पडद्याआड. तुम्ही काय बोलायच्या त्यांच्याशी? मी सात वर्षांत एकदाही कान देऊन ऐकलं नाही, आणि आता ऐकायची इतकी इच्छा आहे. शेवटी मी तिला विचारलं की हिरव्या बांगड्या किती दिवस टिकतात. ती म्हणाली, "भांडी कोण घासतंय त्याच्यावर हाय." मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. एवढंच असायचं का ते? इतकं सोपं? असं असेल तर मला अजूनच राग येईल.

एक रेघ आली. एकच. मी पट्टी उजेडात धरून तीनदा पाहिली. ताप होता म्हणून मोठ्या तपासणीसाठी नमुना नांदेडला पाठवला होता, त्याचा निकालही काल आला, तोही निगेटिव्ह. तरी तिला महिन्याने पुन्हा बोलावलं आहे. तुम्ही म्हणालात तसं.

पण निकाल सांगितल्या सांगितल्या जे झालं ते सांगायला हे सगळं लिहायला बसले. पदराने डोळे पुसत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासू. तिचा फोन मोठ्याने बोलतो, सगळं ऐकू येत होतं.

"कुठं हायस गं?"

"हिंगोलीला आले."

"कोणाकडं? ती तर वारली ना तुही मावसबहीण?"

ती गडबडली. खोलीभर नजर फिरवली. पडदा, तुमची खुर्ची, पट्टी, आणि मग मी, हातात तिनेच भरलेल्या हिरव्या बांगड्या. माझ्याकडे बघतच ती म्हणाली, "तिच्या धाकट्या बहिणीकडं हाय."

"धाकटीबी हाय व्हय?"

"हाय की. सभावानं जरा तिखट हाय. पण हाय."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मला तो क्षण तुमच्या नाकासमोर नाचवायचा होता. पडदा सारून तुम्हांला म्हणायचं होतं, ऐकलंत का? जळा आता थोडं तुम्हीही. आणि पडद्यामागे कुणी नव्हतं. जिला जळवायचं तीच नसली तर या आनंदाचं मी काय करू?

तुमचा पत्र्याचा डबा आता माझ्या टेबलावर आहे, उघडा. चुकलेल्या गोळ्या लोक त्यात टाकतात आणि मी बघते, बोलत नाही. जीभ चावते, पण बोलत नाही. काल टेम्पोवाल्याने एकोणीसच्या जागी सात टाकल्या आणि जाताना म्हणाला, "ताईचं ध्यान असतंय वरून." श्रेय परत तुम्हांलाच. असू दे. हुरड्याचे दिवस आले की मी यंदा खाणार आहे, तुमच्याही वाटणीचा.

तुमच्या भावाला एकदा भेटायचं आहे. त्याने पुन्हा विचारावं, तुमी ताईचे कोण म्हणून. ज्या मावशीला लेकरूच झालं नाही तिची, ताई, मी धाकटी लेक.